रेसच्या तरण्या घोड्यांवर सकाळचं काम: राइडिंग बॉय म्हणून सुरुवात कशी करायची

बऱ्याच पोरांना वाटतं रेसकोर्सवर गेलं की एकच काम, जॉकी व्हायचं. पण इंडियन डर्बी घ्या, २४०० मीटरची, सगळ्यात मोठी रेस, तीसुद्धा अडीच मिनिटांच्या आसपास संपते. वर्षातल्या बाकी सगळ्या सकाळी त्या घोड्यावर कोण बसतं? राइडिंग बॉय. काही ठिकाणी वर्क रायडर म्हणतात, मुली असल्या तरी तबेल्यात नाव बहुतेक राइडिंग बॉयच राहतं. घोड्याला चालवणं, ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, कँटर म्हणजे संथ लयीतली दौड, ट्रेनरने सांगितलं तर जोरात काम, आणि मग परत आणून सईसाच्या, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाच्या, हातात देणं, हे ते काम.

हा लेख खास तरण्या घोड्यांबद्दल आहे, म्हणजे दोन वर्षांचे आणि नुकतेच तीनचे झालेले. कारण नवीन मुलांना बाकी सगळं कोणीतरी सांगतं पण हे कोणी नीट सांगत नाही. माझं म्हणणं एकच आहे, वेग ही शेवटची गोष्ट. तरणा घोडा पाठीवरच्या माणसाकडून रोज काहीतरी शिकतोच, तुम्ही शिकवा नाहीतर नका शिकवू. पहिल्या काही महिन्यांत तो जे शिकला ते पुढे चारपाच वर्षं त्याच्यासोबत राहतं, म्हणून घोडा डोकं शांत ठेवून, तोंड न दुखवता आणि चारही पाय धड घेऊन तबेल्यात परत आला की त्या सकाळचं काम झालं. आता एकेक पायरी घेऊ.

आधी घोड्याचं वय समजून घ्या

थरोब्रेड, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांचं वय आपल्याकडे १ जानेवारीला वाढतं, जन्म कुठल्याही महिन्यातला असो. म्हणजे एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर ज्या दिवशी दोन वर्षांचं होतं त्या दिवशी ते खरं तर वीस महिन्यांचंच असतं. दिसायला दांडगं, चारशे किलोच्या पुढे गेलेलं, पण आतून कच्चं. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वर जिथे हाड वाढतं ती जागा साधारण दोन ते अडीच वर्षांपर्यंत पूर्ण भरत नाही. नळीचं हाड, म्हणजे गुडघ्याखालचं, तेही अजून भार सोसायला शिकत असतं, आणि काम पटकन वाढवलं की त्याच्या पुढच्या बाजूला सूज येते, दुखतं, याला सगळे शिन म्हणतात, 'घोड्याला शिन आल्या' असं रोज ऐकाल. हे डोक्यात असलं की ट्रेनर साहेब महिनामहिना नुसतं चालवायला आणि ट्रॉट करायला का लावतात ते कळतं आणि कंटाळा येत नाही.

तोंडाचंही तेच. अडीच वर्षांच्या सुमाराला दुधाचे दात पडायला लागतात, ते साडेचारपर्यंत चालू राहतं. काहींना दाढांच्या पुढे एक छोटा सुळ्यासारखा दात असतो त्याला लगामाची कडी लागते. त्यामुळे एखादं घोडं अचानक डोकं झटकायला लागलं किंवा एका बाजूला तोंड वाकडं करून पळायला लागलं तर त्याला हट्टी ठरवायच्या आधी साहेबांना सांगा की दात बघून घ्या.

वजन आणि अंग

जॉकीइतकं हलकं असायची गरज नाही. साठ किलोच्या आत असाल तर कुठल्याही तबेल्यात तुम्हाला काम सापडेल, पासष्टपर्यंत मोठ्या, भरलेल्या घोड्यांवर चालून जातं, पण दोन वर्षांच्या घोड्यांवर हलकाच माणूस बसवतात आणि ते बरोबरच आहे. उपाशी राहून वजन काढू नका, पहाटे रिकाम्या पोटी चक्कर आलेला रायडर स्वतःलाही आणि घोड्यालाही धोका. केळं, चपाती, चहा काहीतरी पोटात टाकून जा.

ताकद हातात नको, मांड्या, पोटऱ्या, पोट आणि कमरेत हवी. घरी रोज करायचा व्यायाम म्हणजे अर्धं बसून स्थिर राहणं, पाठ सरळ पुढे झुकवून, हात समोर, टाचा खाली. पहिल्या दिवशी मिनिटभरात पाय थरथरतात. पाचसहा मिनिटं शांत श्वास घेत राहता यायला लागलं की कँटरमध्ये तुमचं वजन घोड्याच्या पाठीवर आपटणार नाही. सोबत प्लँक आणि दोरीउड्या, एवढं पुरे.

राइडिंग आधी दुसरीकडे शिका

हे मी ठामपणे सांगतो, पहिलं शिकणं रेसच्या घोड्यावर करू नका. मुंबईत महालक्ष्मीलाच अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, पुण्याच्या आजूबाजूलाही राइडिंग शाळा आहेत, तिथे वयस्कर शांत घोड्यावर वॉक, ट्रॉट, कँटर पक्कं करा. रिकिबी काढून ट्रॉट करता आला पाहिजे, एका हाताने लगाम धरून दुसरा हात मोकळा सोडता आला पाहिजे. तोल लगामावर टाकायची सवय इथेच सुटते, आणि ती सुटली नसेल तर तरण्या घोड्याच्या तोंडाची वाट लागते. ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत त्यांच्यासाठी दुसरा रस्ता म्हणजे स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, किंवा तबेल्यात सईस म्हणून लागणं, आणि खरं सांगायचं तर त्या रस्त्याने आलेली मुलं घोडा जास्त ओळखतात.

रेसिंगच्या आत शिरायचे अधिकृत मार्गही आहेत. मुंबई-पुण्याचं रेसिंग रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो, क्लबची अप्रेंटिस जॉकींसाठी शाळा आहे, वयाच्या आणि वजनाच्या अटी वेळोवेळी बदलतात म्हणून ऑफिसात जाऊनच चौकशी करा. जॉकी म्हणून नाही निवड झाली तरी तिथलं शिक्षण वर्क रायडरला उपयोगी पडतं. मुलींनी मागे राहू नये, चेन्नईची रूपा सिंग ही भारतातली पहिली व्यावसायिक महिला जॉकी म्हणून ओळखली जाते, आणि तरण्या घोड्यांना हलका शांत हात लागतो तो मुलींकडे असतोच असतो.

तबेल्यात पहिले काही आठवडे जमिनीवर

तबेल्यात खरा शिक्षक जमादार, म्हणजे ट्रेनरच्या हाताखाली तबेला सांभाळणारा मुख्य माणूस, आणि जुने सईस. ट्रेनर साहेब दिवसातून थोडा वेळ दिसतात, जमादार चोवीस तास. त्यांना काका, मामा, भैया जे तिथे चालतं ते म्हणा, बहुतेक बोलणं हिंदी-मराठी मिसळूनच होतं, आणि हाताला काम लावा. लीद काढणं, खरारा, खूर साफ करणं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आणि खोगीर पुसून टांगणं. कोणी हे काम खालचं समजत असेल तर त्याने रायडर होऊ नये.

यात शिकायचं काय? घोड्याजवळ नेहमी त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने, आवाज देत जायचं. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे त्याला दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप गेलात की लाथ बसलीच म्हणून समजा. कान मागे चपटे, शेपटी आवळलेली, नाकपुड्या ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, हे सगळं तो सांगत असतो.

आणि पाय. रोज पहाटे काम सुरू व्हायच्या आधी सईस पुढच्या पायांवरून हात फिरवतो ते बघा, मग तुम्हीही फिरवा. गुडघ्यापासून खाली मागच्या बाजूने, जिथे टेंडन असतं, तळहात हलका ठेवून सावकाश. थंड आणि कडक दोरीसारखं लागलं पाहिजे. मग नळीच्या पुढच्या बाजूवरून अंगठा हलकेच दाबत खाली. तिथे घोड्याने पाय झटकन उचलला किंवा कालच्यापेक्षा गरम लागलं तर आज खोगीर चढवायच्या आधीच बोला. एकाच घोड्याचे पाय रोज चाचपले की हाताला फरक कळायला लागतो, पुस्तकात वाचून हे येत नाही.

घोड्याला पहिल्यांदा माणूस सोसायला शिकवणं, म्हणजे ब्रेकिंग, हे नवीन माणसाचं काम नाही. तरी ते बघायला मिळालं तर सोडू नका. आधी नुसतं हाताळणं, मग लांब दोरीवर गोल फिरवणं, मग अंगाला पट्टा, लांब लगाम लावून मागून चालत वळवायला शिकवणं, मग खोगीर, आणि मग एक दिवस त्याच्याच खोलीत हलका माणूस आडवा पोटावर टाकतात, पाय न टाकता, घोड्याने हे मान्य केलं की मग सरळ बसणं. यात घाई केलेली घोडी पुढे वर्षानुवर्षं माणूस चढताना उड्या मारतात. तुम्हाला अशी घोडी मिळेल तेव्हा तिच्यावर चिडू नका, कोणाची तरी घाई ती फेडत असते.

सामान

हेल्मेट नवीन घ्या, जुनं कोणाचं घेऊ नका, आणि एकदा पडून डोकं आपटलं की ते हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला, आतला थर दबलेला असतो. अंगात बॉडी प्रोटेक्टर. बुटाचा तळ गुळगुळीत आणि छोटी टाच असलेला, म्हणजे पाय रिकिबीतून पलीकडे जाणार नाही आणि अडकणारही नाही, स्पोर्ट शूज घालून बसणारी पोरं मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. हातमोजे पकड असलेले, खासकरून पुण्याला, कारण तिथला सीझन पावसाळ्यातला, जुलै ते ऑक्टोबर, भिजलेला लगाम हातातून साबणासारखा निसटतो. रबराचं आवरण असलेले लगाम असतील तर उत्तम. घोड्याच्या गळ्यात नेकस्ट्रॅप मागून घ्या, साधा चामड्याचा पट्टा, यात काही लाज नाही. मोबाईल आणि इयरफोन तबेल्यात ठेवा.

पाठीवर चढणं

अंधार असतानाच कामाला सुरुवात होते. सईस घोडा फिरवत असतो, तुम्ही खोगीर बघायचं, तंग बघायचा, रिकिबीचे पट्टे दोन्हीकडे सारखे आहेत का बघायचं. दुसऱ्याने बांधलंय म्हणून विश्वासावर सोडायचं नाही. तरणी घोडी तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून पाचेक मिनिटं चालवून झाल्यावर तंग परत बघा, बहुतेक वेळा एक छिद्र वर जातोच.

लेग-अप, म्हणजे दुसऱ्याने पाय धरून वर चढवणं, असा घ्यायचा, लगाम आणि आयाळ डाव्या हातात, डावा गुडघा वाकवून मागे, जमादार किंवा सईस तुमच्या नडगीला धरतो, तिसऱ्या इशाऱ्याला तुम्ही उजव्या पायाने उडी घ्यायची. सगळा भार त्याच्यावर टाकू नका. उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला न लागता वरून आला पाहिजे, आणि बसायचं ते हळू, पाठीवर पोतं टाकल्यासारखं नाही. तरण्या घोड्याबाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ याच दोन सेकंदांत होतो. चढताना सईस घोडा थांबवत नाही, हळूहळू चालवतच ठेवतो, ते मुद्दाम असतं.

मग नेकस्ट्रॅपमध्ये एक बोट, आणि गप्प बसा. पहिली पंधरावीस मिनिटं निव्वळ चाल. नवीन घोडं जुन्या शहाण्या घोड्याच्या मागे ठेवतात, रांगेत, पुढच्या घोड्याच्या मागे एका घोड्याएवढं तरी अंतर ठेवा, चिकटलात की लाथ बसते.

रिकिबी सुरुवातीला आखूड करू नका. जॉकीसारखे गुडघे वर घेऊन फोटो छान येतो पण तरण्या घोड्याने बाजूला उडी मारली की तुम्ही खाली. आधी लांब, मग जसजसा तोल पक्का होईल तसं एकेक छिद्र वर.

हात, म्हणजे अर्धं काम

इथे जरा थांबून सांगतो कारण नवीन मुलं इथेच अडकतात. राइडिंग शाळेत शिकलोय की लगाम ओढला की घोडा थांबतो. रेसच्या घोड्याचं उलटं असतं. तो लगामाच्या ताणावर रेलून पळायला शिकलेला असतो, तुम्ही जितकं ओढाल तितका तो रेलणार आणि तितका पुढे जाणार. चारशे-साडेचारशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच कोणी जिंकत नाही.

म्हणून ब्रिज शिका. डाव्या लगामाचं उरलेलं टोक उजव्या हातात आणि उजव्याचं डाव्या हातात घ्यायचं, म्हणजे दोन्ही मुठींच्या मधे लगामाचा एक दुहेरी पट्टा तयार होतो, तो घोड्याच्या मानेवर, खांद्याच्या उंचवट्याच्या जरा पुढे टेकवायचा. आता घोडा ओढेल तेव्हा तो तुमचे हात ओढत नाही, पट्टा त्याच्याच मानेवर दाबला जातो, म्हणजे तो स्वतःशीच ओढतोय. तुमचे खांदे सुटतात, आणि तो अडखळला तरी तुमचे हात मानेला टेकलेले असल्याने तुम्ही पुढे फेकले जात नाही. घरी खुर्चीच्या पाठीला दोरी बांधून ब्रिज घेणं, आखूड करणं, सोडणं, परत घेणं हे बघितल्याशिवाय यायला लागेपर्यंत करा.

घोडा जास्त पळतोय वाटलं तर हात वर घेऊन ओढण्याऐवजी हात खाली ठेवा, श्वास सोडा, आवाज द्या, लांब 'होऽऽ', आणि थोडा ताण घ्या, सोडा, घ्या, सोडा. सोडणं महत्त्वाचं, सतत धरलं की तो रेलतो. थांबवताना कँटरमधून हळूहळू सरळ उभं व्हा, एकदम मागे बसू नका, त्याची पाठ दुखते आणि तो उसळतो. पूर्ण थांबायला लांब अंतर लागतं, ते धरूनच चाला.

आणि खरोखरच घेऊन पळाला तर? एकदम करकचून एका बाजूला वळवू नका, वेगात पाय एकमेकांत अडकून घोडा पडू शकतो. सरळ ठेवा, जागा असेल तर मोठ्या, खूप मोठ्या वळणात घ्या, एक हात ब्रिजसकट मानेवर रोवून दुसऱ्याने घ्या-सोडा करत रहा. आपलीच दमछाक होऊ देऊ नका, तो तुमच्या आधी दमतो.

घाबरणं आणि बघून घेणं

स्टड फार्मच्या मोकळ्या कुरणातून आलेलं शिंगरू मुंबईत येतं तेव्हा त्याला काय काय दिसतं याचा विचार करा. महालक्ष्मीला पहाटेपासून चालणारे लोक, कुत्री, छत्र्या, पलीकडे ट्रॅफिक, आणि आतमध्ये हेलिकॉप्टर उतरतात. हेलिकॉप्टरचा आवाज आला की दोन वर्षांच्या घोड्याचं सगळं अंग तुमच्या मांड्यांखाली आधी आखडतं, पाठ कमानीसारखी वर येते, मान उंच, कान त्या दिशेला रोखलेले, श्वास थांबलेला. उडी त्यानंतर येते, त्यामुळे तुमच्याकडे एकदोन सेकंद असतात. त्या वेळात पाय अंगाला हलके लावायचे, टाचा खाली, बोट नेकस्ट्रॅपमध्ये, आणि आपली नजर त्या वस्तूवरून काढून जिथे जायचंय तिकडे. बोलत रहा, काहीही बोला, मराठीत बोला, त्याला आवाजाचा सूर कळतो.

घाबरलेल्या घोड्याला मारू नका. ठाम मत आहे माझं. छत्री बघून दचकला आणि वरून चाबूक बसला तर त्याच्या डोक्यात छत्री म्हणजे मार हेच बसतं. त्याला बघू द्या, जुना घोडा बाजूने पुढे जाऊ द्या, मग हा आपोआप मागे जातो. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून परत न्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो कान हलवून पुढे जातो तेव्हा जो आनंद होतो तो मी इथे लिहून सांगू शकत नाही.

ट्रॅकवरची शिस्त

बहुतेक ठिकाणी जोरात काम करणारे आतल्या रेलिंगजवळून, हळू जाणारे बाहेरून. कोणत्या दिशेने जायचं, कुठून आत शिरायचं, कोणता ट्रॅक आज उघडा हे जमादाराला रोज विचारा. मागून वेगाने कोणी येत असेल तर आवाज देतो, तुम्ही आपली रेघ सोडायची नाही, मधेच बाजूला सरकलात तर अपघात ठरलेला. 'घोडा सुटला' ओरडा ऐकला की तुमचा घोडा हळू करा, उभा करा, सुटलेल्याच्या मागे पळायचं नाही.

कँटरमध्ये घोडा एका बाजूचा पुढचा पाय आघाडीला टाकतो, त्याला लीड म्हणतात. वळणावर आतल्या बाजूचा पाय आघाडीला हवा, सरळ पट्ट्यावर त्याने तो बदलला की दमलेल्या पायाला आराम. तरणे घोडे एकाच पायावर अडकून राहतात. सुरुवातीला खाली बघून ओळखा, नंतर खांद्याच्या हालचालीवरून न बघता कळायला लागतं. जो घोडा एक लीड अजिबात घेत नाही त्याचं कुठेतरी दुखत असायची शक्यता असते.

डोक्यातलं घड्याळ

रेसच्या पेपरात सकाळच्या कामाचे आकडे छापून येतात, '६००/४०, मूव्ड फ्रीली' असे. म्हणजे शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदात, सहज. हे आकडे तुमच्या हातातून निघणार आहेत. साहेब सांगतील 'सहाशे पंचेचाळीसमध्ये आण', आणि तुमच्याकडे घड्याळ नाही, रेलिंगच्या बाहेर उभ्या माणसाकडे आहे. ६०० ला ४५ म्हणजे दर २०० मीटरला १५ सेकंद. ४० म्हणजे दर दोनशेला तेरा आणि वर थोडं. दोन सेकंदांहून कमी फरक, पण तरण्या घोड्याच्या पायांसाठी तो फार मोठा फरक आहे.

हे शिकायचं कसं? आधी खाली उभं राहून. स्टॉपवॉच घेऊन रेलिंगजवळ थांबा, येणाऱ्या घोड्याचा वेळ आधी मनात ठरवा मग घड्याळ बघा. मग पाठीवर बसून खुणेच्या खांबापासून खांबापर्यंत मनात एका लयीत मोजा, आणि खाली आल्यावर साहेबांचा आकडा विचारून ताडून बघा. वाऱ्याच्या आवाजाने आणि उत्साहाने सुरुवातीला सगळ्यांनाच आपण हळू जातोय असं वाटतं किंवा उलट. तरण्या घोड्याला कधीही सांगितल्यापेक्षा जास्त पळवू नका, शेजारी दुसरा घोडा लागला आणि आपला पुढे जायला बघतोय म्हणून सोडून देऊ नका. दोघे बरोबरीने, डोकं डोक्याला लावून आले की काम झालं. सकाळी जिंकून काही मिळत नाही.

स्टार्टिंग गेट, म्हणजे रेस सुटते तो दारांचा लोखंडी पिंजरा, नंतर येतं. आधी दोन्ही दारं उघडी ठेवून नुसतं आरपार चालणं, मग आत उभं राहणं, मग पुढचं दार बंद, मग हाताने उघडणं. गेटमध्ये लगाम ढिला, हात आयाळीत किंवा नेकस्ट्रॅपमध्ये, गुडघे-पाय आत, कारण तिथे लोखंड आहे.

खाली उतरल्यावर बोलायचं काय

परत येताना लांब लगामावर चालवत आणा, श्वास खाली येऊ द्या. उतरल्यावर तंग ढिला, आणि मग साहेबांना किंवा जमादाराला रिपोर्ट. चांगला रायडर इथे ओळखू येतो. 'घोडा बरा आहे साहेब' हे काही सांगणं झालं नाही. असं सांगा: डाव्या वळणावर बाहेर रेलतोय, उजवा लीड घेत नाही, सुरुवातीला पावलं आखूड होती गरम झाल्यावर मोकळी झाली, श्वासात घोरल्यासारखा आवाज आहे, दोनदा खोकला, आज नेहमीपेक्षा लवकर दमला. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो आणि गॅलपमध्ये, म्हणजे भरधाव पळताना, प्रत्येक झेपेला एक श्वास, त्यामुळे आवाजातला फरक पाठीवरच्या माणसाला सगळ्यात आधी कळतो. नाकाला रक्ताचा थेंब दिसला तर लगेच सांगा. आपल्यामुळे झालं असेल म्हणून लपवू नका, लपवलेल्या गोष्टीचा हिशेब घोडा भरतो.

पडणार तर आहातच

प्रत्येक जण पडतो. हनुवटी छातीला, हात पुढे टेकवायचे नाहीत, गोळा होऊन लोळत बाजूला जायचं, आणि घोडा ओढत असेल तर लगाम सोडून द्यायचा. मागून घोडे येत असतील तर गोळा होऊनच पडून रहा, घोडा शक्यतो माणसावर पाय देत नाही, तुम्ही मधेच उठून पळालात तर त्याला अंदाज येत नाही. डोक्याला मार लागला, क्षणभर काही आठवलं नाही, मळमळलं, तर त्या दिवशी परत बसायचं नाही आणि डॉक्टरकडे जायचं, कितीही आग्रह झाला तरी.

काम मिळवणं

महालक्ष्मीचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा पावसाळ्यात. पुण्याचं रेसकोर्स एम्प्रेस गार्डनच्या बाजूला, कॅम्पातून कोणीही रस्ता सांगेल. काम संपायच्या वेळी, नऊच्या पुढे जा, पहाटेच्या धांदलीत कोणाला वेळ नसतो. आत जायला परवानगी लागते, गेटवर आधी विचारा. ट्रेनरच्या जमादाराला भेटा, किती वर्षं कुठे बसलाय ते खरं सांगा, फुगवून सांगितलं तर दुसऱ्याच मिनिटाला घोडा सगळ्यांसमोर सांगतो. कामाला लागायच्या आधी तीन गोष्टी विचारा: पगार महिन्याचा किती आणि कधी, पडल्यावर दवाखान्याचा खर्च कोण करतं, आणि ट्रॅकवर बसायची क्लबची परवानगी कोण काढून देतं. हे विचारल्याने कोणी रागावत असेल तर तो तबेला सोडा. काम लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

दोनतीन वर्षं नीट काम केलेल्या भारतीय रायडर्सना बाहेरही मागणी आहे, इंग्लंडमध्ये न्यूमार्केट आणि लॅम्बोर्नच्या तबेल्यांत आपल्याकडची बरीच मुलं रोज सकाळी बसतात, आयर्लंड आणि आखातातही जातात. तिथे तुमच्या बसण्याचा व्हिडिओ मागतात, म्हणून वॉक, कँटर, दोन घोडे बरोबरीने आणि थांबवणं असं सगळं एका साध्या व्हिडिओत घेऊन ठेवा, चेहरा आणि हात दिसतील असं. एजंटमार्फत जायचं असेल तर तो सरकारकडे नोंदणी झालेला रिक्रूटिंग एजंट आहे का ते ई-मायग्रेटच्या साइटवर बघा, तबेल्याचं लेखी ऑफर लेटर आणि पगाराचा आकडा हातात आल्याशिवाय पासपोर्ट कोणाकडे ठेवायला देऊ नका.